एचटी (तणनाशक-सहनशील) सोयाबीनवरचं संशोधन: नक्की कशाची चाचणी झाली?

मृण्मयी_द

जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनचा विषय निघाला की एक बाजू म्हणते, "शेकडो अभ्यास झाले, काही निघालं नाही." दुसरी म्हणते, "उंदरांना गाठी झाल्या, फोटो बघा." गेली काही वर्षं मी या विषयावरचे मूळ शोधनिबंध वाचते आहे. त्यामुळे आता दोन्ही बाजूंना माझा एकच प्रश्न असतो: तुम्ही सांगताय त्या अभ्यासातल्या सोयाबीनवर तणनाशक फवारलं होतं का?

हा प्रश्न महत्त्वाचा का, ते सांगते. ४०-३-२ या नावाने ओळखलं जाणारं सोयाबीन मोन्सॅन्टो या अमेरिकी कंपनीने तयार केलं आणि १९९६ पासून अमेरिकेत आणि अर्जेंटिनात ते शेतात आलं. त्यातला बदल उत्पादन किंवा पोषण वाढवण्यासाठी केलेलाच नाही. उभ्या पिकावर ग्लायफोसेट हे तणनाशक फवारावं, तण मरावं आणि सोयाबीन तगावं, एवढ्यासाठीच तो आहे. म्हणजे हे वाण फवारणीशिवाय वाढवायला कोणी विकतच घेत नाही. अमेरिकेत १९९७ साली सोयाबीनखालच्या क्षेत्राच्या १७ टक्के भागात तणनाशक-सहनशील वाण होतं, २००१ मध्ये ६८ टक्के आणि २०१४ पर्यंत ९४ टक्के. प्राणी आणि माणसं जे खातात ते फवारलेल्या झाडाचं बी असतं.

आता १९९६ च्या सुरुवातीच्या निबंधांकडे या. बियांमधली प्रथिनं, तेल, अमिनो आम्लं, आयसोफ्लेव्होन वगैरे मोजून ते नेहमीच्या सोयाबीनसारखंच आहे असा निष्कर्ष काढला गेला. उंदीर, कोंबड्या, कॅटफिश आणि दुभत्या गाईंना खाऊ घालून वाढ आणि दूध तपासलं गेलं, फरक दिसला नाही. मोजमापं नीट होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चाचणीतल्या झाडांवर ग्लायफोसेट फवारलेलं नव्हतं. १९९९ मध्ये मिलस्टोन, ब्रुनर आणि मेयर यांनी 'नेचर'मधल्या लेखात यावर नेमकं बोट ठेवलं. त्याच वर्षी कंपनीच्या शास्त्रज्ञांनी फवारलेल्या झाडांच्या बियांचं विश्लेषणही प्रसिद्ध केलं आणि तेही सारखंच निघालं. पण तोवर पीक बाजारात येऊन तीन वर्षं झाली होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. जनुकाची तपासणी भरपूर झाली. जनुक, तणनाशक आणि शेत या तिन्हींची एकत्र तपासणी फार कमी आणि फार उशिरा झाली. पुढचे वाद, मग ते उंदरांचे असोत, कॅन्सरचे की तणांचे, बहुतेक याच फटीतून निघालेत. ज्यांनी या विषयात काम किंवा वाचन केलंय त्यांनी आपापल्या बाजूने भर घालावी. व्हॉट्सअॅपवरचे फोटो मात्र नकोत.

शशांक_के

उत्तम धागा. जनुकाची बाजू मी मांडतो, कारण ते नीट समजलं नाही तर पुढचं सगळं हवेत राहतं.

वनस्पतींमध्ये ईपीएसपीएस नावाचं एन्झाइम असतं. फिनाइलअॅलॅनीन, टायरोसीन आणि ट्रिप्टोफॅन ही तीन अमिनो आम्लं ज्या शिकिमेट मार्गाने बनतात, त्या मार्गावरचं हे एन्झाइम. ग्लायफोसेट त्याच्या क्रियास्थानी जाऊन बसतं, खऱ्या कच्च्या मालाला तिथे जागा उरत नाही, आणि झाडाची प्रथिनं बनणं थांबतं. १९८० मध्ये स्टाइनर्युकेन आणि आमऱ्हाइन यांनी हे दाखवलं. लक्षात घ्या, ग्लायफोसेट १९७४ पासून विकलं जात होतं. म्हणजे ते नेमकं कुठे मारा करतं हे विक्री सुरू झाल्यावर सहा वर्षांनी कळलं. प्राण्यांमध्ये हा मार्गच नसतो, आपल्याला ही आम्लं अन्नातून मिळतात.

कंपनीने आधी एन्झाइमच बदलून पाहिलं. अडचण अशी की ग्लायफोसेटला जागा न देणारे बदल केले की एन्झाइम आपलं मूळ कामही नीट करेना. उपाय सापडला तो ग्लायफोसेट बनवणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यातल्या एका अॅग्रोबॅक्टेरियममध्ये. हा सीपी४ प्रकार. त्याच्या एन्झाइममध्ये एका कळीच्या जागी ग्लायसीनऐवजी अॅलॅनीन आहे. अॅलॅनीनची थोडीशी जास्तीची लांबी ग्लायफोसेटला नीट बसू देत नाही, पण खरा कच्चा माल आरामात बसतो. हे त्रिमितीय चित्र फुंके आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलं.

हे जनुक जीन गनने (सूक्ष्म कणांवर डीएनए लावून) सोयाबीनच्या पेशींत मारलं. पुढे जनुक चालू करणारा, फुलकोबीवरच्या विषाणूचा ३५एस प्रवर्तक, आणि प्रथिन हरितलवकात पोचवणारा पेटुनियाचा तुकडा. २००१ मध्ये विंडेल्स आणि सहकाऱ्यांनी बेल्जियममध्ये या जागेच्या डीएनएचा क्रम वाचला, तेव्हा मुख्य जनुकाच्या शेजारी त्याच जनुकाचा २५४ अक्षरांचा एक सुटा तुकडा आणि पुढे ५३४ अक्षरांचा ओळख न पटलेला डीएनए सापडला. यातून काही अपाय झाल्याचा पुरावा नाही. पण मूळ अर्जातल्या वर्णनात हा भाग नव्हता आणि पीक पाच वर्षं शेतात होतं. "जनुकाची तपासणी भरपूर झाली" या तुमच्या वाक्याला माझी ही पुस्ती.

पाणंद

माहितीपूर्ण आहे, पण सामान्य वाचकाला थेट सांगा. उंदरांच्या गाठींचं काय? आणि रशियातल्या त्या प्रयोगात पिल्लं मेली होती ना? ते खोटं होतं का?

मृण्मयी_द

पाणंद, थेटच सांगते.

गाठींचे फोटो सोयाबीनचे नाहीतच. तो सेरालिनी यांचा २०१२ चा अभ्यास, एनके६०३ या मक्यावरचा. प्रत्येक गटात १० उंदीर, दोन वर्षं. स्प्रॅग-डॉली जातीच्या उंदरांना त्या वयात आपोआपच खूप गाठी होतात. त्यामुळे दहाच्या गटात दिसलेला फरक मक्यामुळे की नशिबाने, हे सांगता येत नाही. नियतकालिकाने तो २०१३ मध्ये मागे घेतला, २०१४ मध्ये दुसरीकडे पुन्हा प्रसिद्ध झाला. प्रयोगाची रचना तीच, त्यामुळे माझं मतही तेच.

रशियातला प्रयोग इरिना एर्माकोवा यांचा, २००५ सालचा, आणि तो खरंच सोयाबीनवरचा. जनुकीय सोयाबीन खाल्लेल्या माद्यांची पिल्लं जास्त मेली असा त्यांचा दावा. २००७ मध्ये 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'ने त्यांची उत्तरं आणि त्यावर चार तज्ज्ञांची टीका एकत्र छापली. उंदरांची संख्या कमी, खाद्याचं नेमकं घटकप्रमाण अस्पष्ट, आणि प्रत्येक मादीने किती खाल्लं हे मोजलेलं नाही. याउलट दक्षिण डाकोटात ब्रेक आणि एव्हेन्सन यांनी २००४ मध्ये उंदरांच्या चार पिढ्या पाहिल्या. पिल्लांची संख्या, वाढ, वृषणातल्या पेशींची वाढ, कशातच फरक नव्हता. तुलनेचं सोयाबीन त्यांनी नीट निवडलेलं होतं. मला हा अभ्यास एर्माकोवांच्या अभ्यासापेक्षा कितीतरी विश्वासार्ह वाटतो.

मला खरा रस आहे तो इटलीतल्या मालातेस्ता यांच्या कामात. २००२ मध्ये त्यांनी जनुकीय सोयाबीन खाल्लेल्या उंदरांच्या यकृतपेशींची केंद्रकं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. केंद्रकांचा आकार अनियमित आणि चयापचय वाढल्याची लक्षणं. आजार नव्हता, उंदीर ठणठणीत होते. टीका अशी झाली की तुलनेचं सोयाबीन त्याच शेतात, त्याच हवामानात वाढवलेलं नव्हतं, मग फरक जनुकाचा की जमिनीचा? टीका रास्त आहे. पण २००८ मध्ये त्याच गटाने यकृतपेशींवर थेट राउंडअप (ग्लायफोसेट असलेलं तणनाशक) अगदी कमी मात्रेत टाकून पाहिलं, तर केंद्रकांत मिळतेजुळते बदल दिसले. म्हणजे पहिल्या प्रयोगातला फरक खरा असला तरी तो बियांतल्या फवारणीच्या अवशेषांचा असू शकतो, जनुकाचा नव्हे. फवारलेलं आणि न फवारलेलं असे दोन्ही गट तेव्हाच ठेवले असते तर हा प्रश्न तिथेच सुटला असता.

डॉ_अरुंधती

वैद्यकीय बाजूने थोडं लिहिते, कारण इथे दोन वेगळे धोके एकत्र मिसळले जातात.

नवीन प्रथिनामुळे अॅलर्जी होईल का, हा जनुकाचा प्रश्न. सीपी४ प्रथिन कृत्रिम जठररसात काही सेकंदांत पचतं, आणि ज्ञात अॅलर्जीकारक प्रथिनांशी त्याचं साम्य नाही. ही चाळणी निरुपयोगी नाही. १९९६ मध्ये ब्राझील नटचं जनुक घातलेल्या सोयाबीनमध्ये ब्राझील नटची अॅलर्जी उतरल्याचं रुग्णांच्या रक्तद्रवावरून दिसलं आणि ते वाण बाजारात आलंच नाही.

जनुक आपल्या आतड्यातल्या जिवाणूंत जाईल का? २००४ मध्ये ब्रिटनमध्ये नेदरवुड आणि सहकाऱ्यांनी हे माणसांवरच तपासलं. मोठं आतडं काढलेल्या सात जणांना आणि आतडं शाबूत असलेल्या काहींना जनुकीय सोया दिली. डीएनए लहान आतड्याच्या शेवटापर्यंत काही प्रमाणात टिकला, पण आतडं शाबूत असलेल्यांच्या विष्ठेत तो सापडला नाही. सातपैकी तिघांच्या जिवाणूंत जनुकाचा अंश अत्यल्प प्रमाणात होता, तोही प्रयोगाच्या आधीपासून. प्रयोगादरम्यान नवीन हस्तांतरण झाल्याचं दिसलं नाही.

आता ग्लायफोसेट. मार्च २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने (आयएआरसी) त्याला "बहुधा कर्करोगकारक" म्हणजे गट २ए मध्ये टाकलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने (ईएफएसए) कर्करोगाचा धोका संभवत नाही असं म्हटलं. लोकांना वाटतं यातलं कोणीतरी खोटं बोलतंय. आयएआरसी विचारते, हा पदार्थ कोणत्याही परिस्थितीत कर्करोग करू शकतो का. त्यात तिने ग्लायफोसेट असलेली बाजारातली मिश्रणंही धरली, ईएफएसएने फक्त शुद्ध ग्लायफोसेट तपासलं. शिवाय पहिलीने मुख्यतः जाहीर प्रसिद्ध झालेले अभ्यास घेतले, दुसरीने कंपन्यांनी दिलेले अप्रसिद्ध अहवालही घेतले.

माणसांवरचा एक फार मोठा अभ्यास अमेरिकेतला, २०१८ चा. ५४,२५१ फवारणी करणारे, त्यातले ४४,९३२ ग्लायफोसेट वापरणारे. नॉन-हॉजकिन लिम्फोमा या लसीकापेशींच्या कर्करोगाशी एकूण संबंध आढळला नाही. २०१९ मध्ये झँग आणि सहकाऱ्यांनी सर्वाधिक संपर्क आलेल्यांचे आकडे एकत्र केले, त्यात धोका ४१ टक्क्यांनी जास्त दिसला. माझं वैयक्तिक मत विचाराल तर फवारणाऱ्याच्या बाबतीत प्रश्न मिटलेला नाही आणि हातमोजे, अंगभर कपडे, मास्क यांत तडजोड नको. हे आकडे सोया खाणाऱ्यावर तसेच्या तसे लावणं मात्र चूक आहे. संपर्काचं प्रमाणच पूर्ण वेगळं आहे.

बांधावरचा

सगळे प्रयोगशाळेतच बसलात! तण राहिलं की. माझ्या मते या तंत्रज्ञानाचा खरा निकाल शेतात लागला.

१९९७ मध्ये कंपनीच्याच शास्त्रज्ञांनी, सोयाबीन घडवणारे पॅजेट त्यात होते, एक निबंध लिहिला. ग्लायफोसेटला तणांमध्ये प्रतिकार येण्याची शक्यता फार कमी, असा त्यांचा युक्तिवाद. कारण शशांक यांनी वर लिहिलंय तेच: एन्झाइम बदललं तर ते अधू होतं, मग अधू एन्झाइम घेऊन तण शेतात टिकेल कसं? तर्क बिनतोड वाटतो. पण तणांनी तो रस्ता धरलाच नाही, निदान आधी तरी नाही.

२००० साली डेलावेअरमध्ये एचटी सोयाबीनच्या शेतात कोनिझा हे तण ग्लायफोसेटला दाद देईना. मग जॉर्जियात पामर अॅमरँथ. राजगिऱ्याच्याच प्रजातीतलं हे रानटी तण. नर-मादी झाडं वेगळी, परागकण वाऱ्याने दूर जातात, एका मादी झाडाला काही लाख बिया. २०१० मध्ये गेन्स आणि सहकाऱ्यांनी त्याचं रहस्य उलगडलं. या झाडांनी ईपीएसपीएसचं जनुक बदललं नव्हतं, त्याच्या प्रती वाढवल्या होत्या: साध्या झाडाच्या ५ पटींपासून १६० पटींहून जास्त. इतकं एन्झाइम बनतं की फवारलेलं ग्लायफोसेट अपुरं पडतं. २०१८ मध्ये आणखी कळलं की या जास्तीच्या प्रती गुणसूत्रांबाहेर, डीएनएच्या वेगळ्या वर्तुळांत असतात आणि त्या पुढच्या पिढीत जातात.

मला सर्वात जास्त खटकतं ते पुढचं. पेटुनियाच्या पेशी प्रयोगशाळेत ग्लायफोसेटमध्ये वाढवल्या की त्या हेच करतात, जनुकाच्या प्रती वाढवतात, हे १९८६ मध्येच प्रसिद्ध झालं होतं. त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेतून! म्हणजे शक्यता माहीत होती. मोठ्या क्षेत्रावर, दरवर्षी, एकच तणनाशक वापरलं तर निवडीचा दाब (म्हणजे फक्त तगणारी तणंच उरत जाणं) किती वाढेल, याचा दीर्घकाळचा प्रयोग मात्र पीक सोडण्याआधी कोणी केला नाही. तो शेतकऱ्यांनी केला, आपल्या खर्चाने.

नंतरचं माहीतच आहे. डायकांबा हे दुसरं तणनाशक सोसणारं सोयाबीन आलं. त्यातलं जनुकही एका जिवाणूचं, स्टेनोट्रोफोमोनासचं. डायकांबा वाफ होऊन उडतं आणि साध्या सोयाबीनची पानं अगदी अल्प मात्रेतही वाटीसारखी वळतात. २०१७ च्या एका हंगामात अमेरिकेत सुमारे ३६ लाख एकर सोयाबीनला असा उपद्रव झाल्याचा अंदाज मिसुरी विद्यापीठातून आला. २०२० मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये न्यायालयांनी या फवारणीची परवानगी रद्द केली. शेजाऱ्याने काय पेरलंय यावर तुमचं पीक अवलंबून, ही गोष्ट कुठल्याही खाद्य-चाचणीत दिसणार नव्हती.

शशांक_के

बांधावरचा, पटलं. फक्त एक सांगतो, कारण धाग्यात सगळा दोष "जनुकीय" या शब्दावर जातोय. सल्फोनिलयुरिया गटातली तणनाशकं सोसणारं सोयाबीन १९८० च्या दशकात बियांना रसायनाची प्रक्रिया करून, उत्परिवर्तनातून काढलं गेलं. त्यात परकं जनुक नाही. पण तण-फवारणीचं चक्र तिथेही तेच. त्याला मात्र जगात बहुतेक ठिकाणी "जनुकीय पीक" म्हणून तपासलंच गेलं नाही.

मातीवेडी

एक मुद्दा सगळ्यांकडून सुटतोय: मुळांवरच्या गाठी. एचटी सोयाबीन ग्लायफोसेटने मरत नाही, पण त्याचं विघटनही फारसं करत नाही. पानावर पडलेलं ग्लायफोसेट अन्नरसाबरोबर झाडात फिरतं आणि जिथे वाढ जोरात चालू आहे तिथे जमतं. कोवळे शेंडे, मुळं, गाठी, भरणाऱ्या बिया. गाठीत राहून नत्र धरणाऱ्या ब्रॅडीरायझोबियम या जिवाणूचं स्वतःचं ईपीएसपीएस मात्र ग्लायफोसेटला बळी पडणारं आहे! झाड वाचतं, त्याचा भागीदार अडचणीत येतो. किंग आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की लवकर फवारणी झाली तर गाठी आणि नत्र स्थिरीकरण काही वाणांत घटतं, आणि पाण्याचा ताण असला तर जास्त. बऱ्याचदा झाड नंतर भरून काढतं, म्हणून उत्पादनात दरवेळी दिसत नाही.

उत्पादनाबद्दल: नेब्रास्कात एल्मोर आणि सहकाऱ्यांनी भावंड (ते जनुक सोडून बाकी जवळपास सारख्या) वाणांची तुलना केली (२००१). एचटी वाणांचं उत्पादन ५ टक्के कमी, तेही ग्लायफोसेटचा परिणाम वजा करून. म्हणजे तिथे दोष फवारणीचा नव्हता, जनुकाचा किंवा ते घालण्याच्या प्रक्रियेचा होता. मृण्मयीताई, हे तुमच्या मांडणीच्या उलट दिशेचं उदाहरण आहे, पण मुद्दा तुमचाच सिद्ध होतो: दोन्ही वेगळे करून मोजले तरच कळतं.

मृण्मयी_द

मातीवेडी, हे उदाहरण फार मोलाचं आहे. नेमकी अशीच रचना हवी.

पाणंद

पैसे कोणी दिले, याबद्दल कोणीच का बोलत नाही?

गणिती

पाणंद, बोलायलाच हवं. २०११ मध्ये डील्स आणि सहकाऱ्यांनी जनुकीय पिकांच्या आरोग्य आणि पोषणावरचे ९४ निबंध तपासले. लेखकांपैकी कोणी उद्योगात नोकरीला असेल तर निष्कर्ष अनुकूल येण्याशी ठळक संबंध दिसला. निव्वळ निधीच्या स्रोताशी तो तसा दिसला नाही, आणि बऱ्याच निबंधांत निधी कोणाचा हे लिहिलेलंच नव्हतं. यावरून निष्कर्ष खोटे ठरत नाहीत. कंपनी सुरक्षित निघेल असंच वाण पुढे आणते, हेही एक कारण असू शकतं.

मला जास्त गंभीर वाटतं ते बियाण्याच्या कराराचं. पिशवीबरोबरच्या अटींत परवानगीशिवाय संशोधनाला मनाई असायची. २००९ मध्ये अमेरिकेतल्या २६ कीटकशास्त्रज्ञांनी सरकारी पर्यावरण संस्थेला लेखी कळवलं की यामुळे स्वतंत्र संशोधन होऊ शकत नाही. ते मक्यावर काम करणारे होते, पण कराराची पद्धत सोयाबीनलाही तीच. त्यानंतर विद्यापीठांशी काही करार झाले, परिस्थिती सुधारली. ४०-३-२ चं पेटंट संपलं २०१५ मध्ये. म्हणजे जवळपास दोन दशकं.

पाणंद

आभार. शेवटचा प्रश्न. आज जे बी बाजारात येतं त्यात तणनाशक किती असतं, आणि आता तरी फवारलेल्या झाडाची तपासणी बंधनकारक आहे का?

मृण्मयी_द

किती असतं: नॉर्वेच्या बोन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये आयोवातल्या ३१ शेतांचे नमुने तपासले. जनुकीय, नेहमीचे आणि सेंद्रिय असे तीन गट. जनुकीय गटात सरासरी ग्लायफोसेट किलोला ३.३ मिलिग्रॅम आणि त्यापासून बनणारं एएमपीए ५.७ मिलिग्रॅम. इतर दोन गटांत आढळलं नाही. सोयाबीनसाठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या संस्थेची) मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे, म्हणजे हे आकडे मर्यादेच्या आतच. पण हे अवशेष असणं हा या सोयाबीनच्या घटकांचाच भाग आहे. "घटक सारखेच" म्हणताना त्यांना वगळायचं, हे मला मान्य नाही.

बंधनकारक आहे का: युरोपात, हो. २०१३ च्या ५०३ क्रमांकाच्या नियमानुसार शेतचाचणीत एचटी पीक ठरलेल्या तणनाशकाने फवारलेलं आणि न फवारलेलं, असं दोन्ही प्रकारे वाढवून मूळ वाणाशी ताडून पाहावं लागतं. शिवाय उंदरांवरची ९० दिवसांची खाद्य-चाचणीही लागते. अमेरिकेत १९८६ च्या चौकटीपासून काम तीन ठिकाणी वाटलेलं आहे: झाड कृषी खात्याकडे, तणनाशक पर्यावरण संस्थेकडे, अन्न तिसऱ्या संस्थेकडे.

आणि आता एकाच बियात ग्लायफोसेट, ग्लुफोसिनेट आणि २,४-डी अशी तीन तणनाशकं सोसणारी सोयाबीन वाणं शेतात आहेत. एकाच हंगामात तिन्ही फवारलेल्या झाडांच्या बिया खाऊ घालून केलेले स्वतंत्र, दीर्घ मुदतीचे अभ्यास मी शोधते आहे. कोणाच्या वाचनात आले असतील तर लेखकांची नावं आणि वर्ष इथे लिहा, मी मूळ निबंध मिळवून रचना कशी आहे ते इथेच मांडते.

मातीवेडी

मी गाठींच्या बाजूने शोधते. ग्लुफोसिनेटचा रायझोबियमवर होणारा परिणाम आधी बघते, उद्या-परवा लिहीन.